पोरगं तेरा वर्षांचं झालं, ट्रिक-ऑर-ट्रीटला पाठवायचं का नाही? आणि नाही तर मग काय करायचं

ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा आला की पुण्यात बाणेर, बालेवाडी, वाकड, खराडी, मगरपट्टा, या सगळ्या बाजूच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास पडतो, की ३१ तारखेला हॅलोविन, संध्याकाळी मुलं ट्रिक-ऑर-ट्रीटला, म्हणजे भुताखेतांचे वेश करून दारोदार खाऊ मागायला, येणारेत, ज्यांना चॉकलेट द्यायचंय त्यांनी फ्लॅट नंबर टाका, आणि त्याच्याखाली एक ओळ असते, 'फक्त १० वर्षांपर्यंतची मुलं' नाहीतर '१२ वर्षांपर्यंतची'. टाकणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं, चॉकलेटं पुरायला हवीत, गोंधळ व्हायला नको, एवढंच. पण त्या एका ओळीने सहावी ते आठवीची पोरं बरोबर कात्रीत सापडतात. गेल्या वर्षीपर्यंत जी सगळ्यात पुढे असायची, तीच यंदा विचारतात की आई मी जाऊ का, लोक हसतील का. आणि आपल्यालाही पटकन उत्तर सुचत नाही.

मी सोसायटीच्या कार्यक्रमांच्या कामात असते, घरात मुलंही आहेत, आणि माझं मत पक्कं झालंय की वयाची रेघ मारूच नये. मूल जोवर मनापासून नटून येतंय, नीट वागतंय, लहानांना धक्का न देता येतंय, तोवर त्याला येऊ द्यावं. फक्त साधारण सहावी-सातवीपासून त्याच्याकडे दरवर्षी एखादं काम सोपवत जावं, म्हणजे दोन-तीन वर्षांत ते आपणहूनच दाराच्या आतल्या बाजूला, म्हणजे खाऊ देणाऱ्यांत, जातं आणि 'आता बंद' हे कोणाला तोंडाने म्हणावं लागत नाही. हे नेमकं कसं करायचं ते खाली लिहितेय, आईबाबांसाठी, कमिटीसाठी आणि ज्यांच्या दाराची बेल वाजते त्यांच्यासाठीही.

आधी थोडं मागचं, कारण ग्रुपवर कोणीतरी विचारतंच

हॅलोविन म्हणजे ख्रिश्चनांच्या ऑल सेंट्स डेची, म्हणजे १ नोव्हेंबरची, आदली रात्र, आणि त्याच्या मुळाशी आयर्लंड-स्कॉटलंडकडचा सुगी संपून थंडी सुरू होतानाचा जुना केल्टिक सण आहे असं मानतात. पूर्वी इंग्लंडात गरीब माणसं आणि पोरं दारोदार जायची, घरातल्या गेलेल्या माणसांसाठी प्रार्थना म्हणायची आणि त्याबदल्यात त्यांना छोटे केक मिळायचे. स्कॉटलंडात तर पोरांनी वेश करून यायचं आणि दारात गाणं, कविता, जोक, काहीतरी करून दाखवायचं, मगच सुकामेवा नाहीतर फळ हातात पडायचं. (ही स्कॉटलंडची पद्धत लक्षात ठेवा, पुढे कामाला येणारे.) आज आपण जे बघतो ते अमेरिका-कॅनडात १९२० आणि ३० च्या दशकांत रुजलं, तेव्हा हॅलोविनच्या रात्री मोठ्या पोरांचा धुडगूस फार वाढला होता आणि त्यांना खाऊ देऊन शांत करणं हा त्यावरचा एक उपाय होता. मग दुसऱ्या महायुद्धात साखरेवर रेशनिंग आलं तेव्हा ते मागे पडलं आणि युद्धानंतर जोरात पसरलं.

म्हणजे बघा, ही प्रथा वाढली त्यात मोठ्या पोरांचा वाटा मोठा होता, आणि आता त्यांनाच आपण बाहेर काढायला निघालोय.

तिकडेही हा वयाचा घोळ मिटलेला नाहीये. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातल्या चेसापीक शहरात १९७० पासून नियम होता की १२ च्या वरच्या मुलांनी ट्रिक-ऑर-ट्रीटला जायचं नाही, आणि कागदावर तरी त्याला दंड आणि सहा महिन्यांपर्यंत जेल अशी शिक्षा लिहिलेली होती! २०१९ मध्ये त्यांनी जेल काढून टाकलं आणि वय १४ केलं. कॅनडातल्या न्यू ब्रन्सविक प्रांतात बाथर्स्ट नावाचं गाव आहे, तिथे आधी १४ ची मर्यादा होती, ती वाढवून १६ केली, वर रात्री ८ नंतर फिरायचं नाही आणि २०० डॉलरपर्यंत दंड. कुठे १२, कुठे १४, कुठे १६. ज्यांचा हा सण आहे त्यांनाच एक आकडा सापडत नाही तर आपण बालेवाडीत बसून १० का १२ यावर भांडण्यात काय अर्थ आहे. आणि या सगळ्या नियमांमागे भीती कसली होती, तर तोडफोड, अंड्यांचा मारा, छोट्यांच्या पिशव्या हिसकावणं याची. म्हणजे वागण्याची. मग नियम वागण्याचाच करूया ना.

आपल्याकडे याची सवय आहेच. शिमग्याला लाकडं-गोवऱ्या गोळा करत फिरणं, भोंडल्यात घरोघरची खिरापत ओळखणं, गणपतीची वर्गणी, या सगळ्यात पोरं दारोदार जातात आणि त्यात कोणी कोणाला तू मोठा झालास, उद्यापासून येऊ नकोस असं म्हणत नाही. मंडळात लहान असताना आरतीला टाळ वाजवतो, जरा मोठा झाला की पावतीपुस्तक हातात येतं, मग डेकोरेशनला, मग विसर्जनाच्या मिरवणुकीत दोर धरायला. वय वाढलं की काम बदलतं, माणूस तोच. बोरन्हाण तेवढं पाच वर्षांपर्यंतच करतात, पण पाच वर्षांच्या मुलाला ते संपल्याचं वाईट वाटत नाही, तेरा वर्षांच्याला वाटतं.

मुलाचं मन भरलंय का नाही हे कसं ओळखायचं

वयापेक्षा या गोष्टी बघा. मूल वेशाचा विचार स्वतःहून करतंय का? म्हणजे दसरा झाल्यावर कधीतरी तुमची जुनी काळी ओढणी शोधतंय, कार्डशीटची टोपी चिकटवतंय, व्हिडिओ बघून डोळ्याखाली काजळ पसरवून बघतंय, तर त्याला अजून मनापासून जायचंय, खुशाल जाऊ द्या, आठवीत असलं तरी. याउलट वेश काहीच नको, नुसती हुडी घालून मित्रांबरोबर जातो म्हणत असेल आणि परत आल्यावर कोणाला किती मिळाली एवढंच बोलणं असेल, तर त्याला मित्र हवेत, चॉकलेट-बिकलेट निमित्त आहे. अशा मुलाला घरी मित्र बोलावू दे, नाहीतर खाली दिलेलं भुताच्या खोलीचं काम द्या, तो त्यात जास्त रमेल.

तिसरा प्रकार असतो तो सगळ्यात नाजूक. जायचंय पण लाजतंय. लहान भावाला सोडायला जाते म्हणते आणि दारात त्याच्या मागे उभी राहते, पिशवी तिच्याकडेही असते पण ती पाठीमागे धरलेली असते. गेल्या वर्षी आमच्या मजल्यावर असंच झालं. सातवीतली मुलगी, चांगली उंच, चेटकिणीची टोपी घरी केलेली, तिच्यावर चमचमत्या कागदाच्या चांदण्या कापून चिकटवलेल्या, त्यातली एक निघून लोंबत होती. समोरच्या दारात एक काका तिला म्हणाले, अगं एवढी मोठी झालीस आणि चॉकलेट मागतेस? हसत म्हणाले, मनात काही नव्हतं त्यांच्या. पण पोरीने पिशवी खाली केली, टोपी काढून हातात घेतली, आणि मग पुढच्या सगळ्या दारांत भावाला पुढे ढकलून ती जिन्यातच उभी राहिली. मी तिला मुद्दाम हाक मारून आत बोलावलं, टोपी कशी केली ते विचारलं, तेव्हा कुठे जरा बोलायला लागली.

आणि इथे एक गोष्ट मला फार मनापासून सांगायचीये. मुलींना हे मुलांपेक्षा आधी ऐकावं लागतं. दहा-अकरा वर्षांची मुलगी कधीकधी एका वर्षात ताडमाड वाढते, अंगाने भरते, आणि तिच्याच वर्गातला मुलगा अजून चौथीतला दिसतो. दोघं एकाच दारात एकत्र उभी राहिली तर त्याला 'अले वा, ड्रॅक्युला!' आणि हिला 'घोडी झालीस'. ती दहाचीच असते हो! शरीर लवकर वाढलं म्हणून तिचं लहानपण दोन वर्षं आधी काढून घ्यायचं, हे काही बरोबर नाही, आणि ती ते विसरतही नाही. तसंच काही मुलं वयाने आणि उंचीने मोठी असतात पण त्यांची समज, आवड लहान मुलांसारखी असते, ऑटिझम असेल किंवा आणखी काही असेल, ती कदाचित थँक यू म्हणणार नाहीत, डोळ्यात बघणार नाहीत, मुखवटा टोचतो म्हणून घालणार नाहीत. दारात उभ्या असलेल्या पंधरा वर्षांच्या मुलाबद्दल आपल्याला काही माहीत नसतं. म्हणून वय विचारायचं नाही, कधीच नाही.

घरी बोलायचं कसं

३१ तारखेला संध्याकाळी सहाला बोलू नका, एवढं पहिलं पाळा. तेव्हा मेकअप झालेला असतो आणि तेव्हा 'आता शोभत नाही' म्हटलं की रडारड ठरलेली. दसरा-कोजागिरी झाली की कधीतरी जेवताना किंवा गाडीत विषय काढा, गाडीत बरं पडतं, समोरासमोर बघावं लागत नाही. आणि 'जायचंय का' असं हो-नाहीचं विचारू नका, म्हणजे मूल तुमचा चेहरा वाचून उत्तर देतं. 'यंदा हॅलोविनला काय करायचा विचार आहे?' असं मोकळं विचारा आणि गप्प बसा.

साधारण बोलणं असं होतं:

'काय माहीत. बाकीच्या नाही जाणार म्हणतायत.'
'बरं. आणि तुला?'
'मला जायचंय, पण एकटी मोठी दिसेन.'
'मग छोट्यांचा एक ग्रुप घेऊन गेलीस तर? तू त्यांची हेड चेटकीण. तुझी पिशवी पण ने, ती काही ठेवून जायची गरज नाही.'

'तुझी पिशवी पण ने' हे वाक्य विसरू नका. बरेच जण मुलाला काम देतात आणि त्याच वेळी त्याचा खाऊ बंद करतात, मग ते काम त्याला शिक्षा वाटते. पहिलं वर्ष दोन्ही चालू द्या, पुढच्या वर्षी ते स्वतःच म्हणेल की पिशवी नको, हात अडकतात.

जाणार असेल तर अटी आधीच ठरवून टाका, थोड्याच. वेश पूर्ण हवा, नुसता मुखवटा चालणार नाही. छोटी मुलं दारात असतील तर त्यांचं होईपर्यंत मागे थांबायचं. एकच उचलायचं, मूठ नाही. बेल एकदाच वाजवायची. आणि आता ती स्कॉटलंडची पद्धत, सातवीच्या वरच्यांनी दारात काहीतरी करून दाखवायचं, दोन ओळींची भुताची गोष्ट, पत्त्यांची जादू, एखादं कोडं, बासरी वाजवत असेल तर बासरी. आमच्याकडे हे सुरू केल्यापासून आजी-आजोबा मंडळींना मोठी मुलं आलेलीच जास्त आवडायला लागली, खुर्ची टाकून बसतात ऐकायला. मुलांनाही आपण फुकट मागतोय असं वाटत नाही, आणि हेच त्यांना आतून खात असतं.

नाही जायचं म्हणालं तर तेही तिथेच सोडा. 'अरे जा की, मजा येईल, गेल्या वर्षी किती नाचला होतास' असं आग्रह करून पाठवू नका. फोटोसाठी तर अजिबात नको.

कामं कोणती द्यायची

हे खरं महत्त्वाचं, कारण कामं खोटी असली की पोरं लगेच ओळखतात. 'तू जरा लक्ष ठेव' हे काम नाही. काम म्हणजे ज्यात त्यांनी नाही केलं तर कार्यक्रम अडेल असं काहीतरी.

सहावी-सातवीच्यांना छोट्यांच्या टोळ्या द्या. आठ छोटी मुलं आणि दोन ताई-दादा असं जमतं, त्यापेक्षा मोठी टोळी लिफ्टमध्ये मावत नाही आणि निम्मी वर निम्मी खाली राहतात, मग जी खाली राहतात ती रडतात. सोपी पद्धत म्हणजे सगळ्यांनी लिफ्टने सगळ्यात वरच्या मजल्यावर जायचं आणि जिन्याने एकेक मजला उतरत यायचं, लिफ्ट दारं उघडत-मिटत बसत नाही आणि बाकीच्या लोकांनाही त्रास होत नाही. ताई-दादाकडे फ्लॅट नंबरांची यादी हवी, कुठे जायचं कुठे नाही याची. एक जण पुढे, एक जण सगळ्यात मागे, आणि मागच्याने मोजत राहायचं. घराच्या आत कोणी जायचं नाही, उंबऱ्याबाहेरच उभं राहायचं, हे त्यांनीच छोट्यांना सांगायचं, आपण सांगितलं तर ऐकत नाहीत.

आठवी-नववीच्यांना भोपळा आणि भुताची खोली.

भोपळ्याचं जरा सविस्तर सांगते, हॅलोविनला त्याला भुताचं तोंड कोरून आत दिवा ठेवतात. आयर्लंडात आधी शलगम कोरायचे, अमेरिकेत गेल्यावर तिथे भोपळा मोठा आणि मऊ मिळाला म्हणून भोपळा आला. आपला लाल भोपळा चपटा, साल कडक आणि गर जाड. मंडईत नाहीतर मार्केट यार्डात गेलात तर आख्खा मागा, सवयीने ते फोड कापायला सुरी उचलतात तेवढ्यात थांबवा. देठाभोवती सुरी तिरकी आत धरून गोल कापा, सरळ कापलंत तर झाकण आत पडतं. बिया आणि धागे हाताने काढा, मग जाड डावाने आतून खरवडत राहा, विशेषतः जिकडे चेहरा करायचाय त्या बाजूने, बोटभर जाडी राहिली की पुरे, नाहीतर डोळे कोरताना सुरी अडकते आणि निसटते. आधी मार्करने तोंड काढून घ्यायचं आणि दातेरी छोट्या सुरीने कापायचं, शेजारी एक मोठं माणूस बसलेलं हवं. आदल्या दिवशी संध्याकाळीच कोरा, त्याच्या आधी नको, आपल्या हवेत दोन-तीन दिवसांत त्याला पाणी सुटतं, वास येतो. आत बॅटरीवरचा दिवा ठेवा, पणती नको, पोरांचे ते सिंथेटिक झगे भुर्रकन पेटतात. आणि जो गर निघाला तो फेकू नका, किसून गुळात शिजवा, त्यात मावेल तेवढी कणीक घालून मळा, वर खसखस लावून घारगे थापा. आमच्याकडे कोरायला आठवीची पोरं आणि घारगे तळायला दोन आज्या, आणि रात्री कार्यक्रम संपल्यावर आधी घारगे संपतात मग चॉकलेटं.

भुताची खोली क्लबहाउसमध्ये नाहीतर पार्किंगच्या एका कोपऱ्यात जुन्या चादरी टांगून होते. ती पूर्ण मुलांनाच करू द्या, नाटकाचं डोकं असलेल्या पोरांना इथे फार वाव मिळतो. पण तीन गोष्टी पक्क्या ठरवा. कोणाच्याही अंगाला हात लावायचा नाही, घाबरवायचं ते आवाजाने आणि उजेडाने. बाहेर पडायची वाट कायम मोकळी आणि दिसेल अशी. आणि पहिला अर्धा तास दिवे लावून फक्त सहा वर्षांखालच्यांसाठी, त्यात भुतांनी हात हलवून टाटा करायचा. एकदा छोटं मूल तिथे खरंच घाबरलं की ते रात्री झोपत नाही आणि पुढच्या वर्षी त्याची आई अख्ख्या कार्यक्रमालाच नाही म्हणते.

चेहरे रंगवायचं काम चित्रकला बऱ्या असलेल्या मुलामुलींना द्या, आदल्या दिवशी ज्याला रंगवायचंय त्याच्या मनगटावर ठिपका लावून ठेवायला सांगा, खाज आली तर तो रंग चेहऱ्याला नको. कॉस्च्युम विकत घेण्यापेक्षा शाळेच्या गॅदरिंगसाठी भाड्याने देतात त्या दुकानांत आधी विचारा, आणि बाकी सटरफटर तुळशीबागेत आणि बोहरी आळीत मिळून जातं.

दहावी-बारावीच्यांना यातलं काही नको असतं, आणि त्यांच्या परीक्षांची गडबडही असते. त्यांना एखादा तास मागा, अनाउन्समेंट, फोटो, गाणी लावणं, किंवा स्वतःच्या घरच्या दाराची जबाबदारी. दारात उभं राहून वाटण्यात काय मजा असते हे त्यांना एकदा केल्यावरच कळतं. फक्त या वयाच्यांसाठी एक सांगते, मुखवटे घालून रात्री गाड्यांवर फिरायला जायचा बेत असेल तर स्पष्ट नाही म्हणा. १६ ते १८ या वयात लायसन्स मिळतं ते बिनागिअरच्या ५० सीसीपर्यंतच्या गाडीचं, आपल्या घरोघरच्या स्कूटरची इंजिनं त्याच्या दुपटीहून मोठी असतात, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने कायदा मोडला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पोरांना टेरेस द्या, स्पीकर द्या, पिझ्झा मागवा, जागू द्या अकरापर्यंत.

कमिटीने मेसेज कसा लिहायचा

वयाची ओळ काढून टाका. त्याऐवजी असं लिहा, हवं तर हेच उचला:

'३१ तारखेला संध्याकाळी ६.३० ते ८.३० ट्रिक-ऑर-ट्रीट. ज्या दारावर नारिंगी कागद असेल तिथेच बेल वाजवायची. सगळ्या वयाच्या मुलांचं स्वागत आहे, वेश पूर्ण हवा. सहावी आणि पुढच्यांनी ताई-दादा टीममध्ये नाव द्यावं, टीमची मीटिंग रविवारी क्लबहाउसला. खाऊ पॅकबंद असावा, शेंगदाणे-काजू असलेला खाऊ वेगळ्या भांड्यात ठेवावा.'

नारिंगी कागदाचं मनापासून पाळा. सोसायटीत आजारी माणसं असतात, तान्ही बाळं असतात, कोणाच्या घरी नुकतंच कोणी गेलेलं असतं आणि त्या दारात भुताच्या वेशात पोरं उभी राहणं किती वाईट. काहींना हा परदेशी सण पटत नाही, त्यांच्याशी ग्रुपवर वाद घालत बसू नका, कागद नाही म्हणजे बेल नाही, विषय संपला. आणि तारीख जरा बघून घ्या, २०२४ ला ३१ ऑक्टोबरला नरकचतुर्दशी होती, पहाटेपासून अभ्यंगस्नान, फराळ, संध्याकाळी निम्मी सोसायटी गावाला. अशा वर्षी आठवडाभर आधीच्या शनिवारी उरका, काही बिघडत नाही.

ॲलर्जीचं लोकांना थट्टा वाटते पण ज्यांच्या मुलांना शेंगदाण्याची आहे त्यांना विचारा. अमेरिकेत २०१४ पासून फूड ॲलर्जीवर काम करणाऱ्या एका संस्थेने दारात निळसर-हिरवा भोपळा ठेवायची कल्पना देशभर पसरवली, म्हणजे या घरात खाण्याशिवाय दुसरंही काही मिळेल, स्टिकर, पेन्सिल, खोडरबर. आपण ते सहज करू शकतो. आणि अगदी छोट्यांना गोल कडक गोळ्या देऊ नका, घशात अडकतात.

अजून एक. वॉचमनकाकांची, घरकामाला येणाऱ्या मावशींची मुलं संध्याकाळी सोसायटीत असतात, बघत उभी असतात. त्यांना वेगळं सांगून बोलवा, आईबाबांना आधी सांगा म्हणजे त्यांनाही संकोच वाटत नाही, आणि चेहरे रंगवायच्या टेबलावर त्यांना इतरांबरोबरच घ्या. वेश नसेल तर नाकावर काळा ठिपका आणि गालावर मिशा काढल्या की मांजर झालं, ताई-दादा टीमला हे काम सांगितलं तर ती फार छान करतात.

आणि दारात मोठं मूल उभं राहिलं तर

द्या. एवढंच आहे. उंची बघू नका, मिशी फुटलीये का बघू नका, वेशाचं कौतुक करा आणि द्या. 'काय रे, कितवीत आहेस?' हा प्रश्न आपल्याला साधा वाटतो पण त्या दिवशी त्या दारात तो साधा नसतो. वेश अजिबात नसलेली तीन-चार मोठी पोरं आली तर हसून म्हणा, एक कोडं घाला नाहीतर एक भुताची गोष्ट सांगा मग देते. सांगतात. सुरुवातीला एकमेकांना ढकलतात आणि मग त्यातलं एक जण असं काही सांगतं की बाकीचेही ऐकत राहतात. मूठ भरून उचलायला लागलं तर भांडं हातात घेऊन आपणच एकेक द्या, ओरडू नका. आणि उशिरा, नऊ-साडेनऊला आलं तर आज झालं रे बाबा, दार बंद, असं सरळ सांगा, तेही ऐकतात.

खरंच त्रास देणारं कोणी असेल, छोट्यांना ढकलणारं, दारं बडवून पळणारं, तर ते एक मूल बाजूला घ्या, त्याच्या आईबाबांशी बोला. त्याच्यामुळे पुढच्या वर्षी सगळ्या तेरा वर्षांच्यांना बंदी घालू नका.

साडेआठला छोट्यांना घरी पाठवलं की ताई-दादा टीमने जिन्यातले आणि पार्किंगमधले कागद उचलायचे, चादरी उतरवायच्या, भोपळा ओल्या कचऱ्यात टाकायचा. आणि त्यांच्यासाठी खाऊ दुपारीच मोजून बाजूला काढून ठेवा, नावं घालून, कारण रात्री भांड्यात फक्त कोणाला नको असलेल्या गोळ्या उरतात. त्यांच्या पिशवीत मोठं चॉकलेट हवं, छोट्यांना दिलं त्यापेक्षा मोठं.